शोफार शिकताना

आमच्या सिनेगॉगमध्ये नव्याच्या सणाला, अर्थात रोश हशानाला, शोफार फुंकणारे वृद्ध काका आता थकले आहेत. त्यांच्यानंतर कोण, या प्रश्नाला उत्तर मिळेना, तेव्हा पन्नाशी उलटून गेली असताही मी ते शिंग हाती घेतले. एलुल महिनाभर केलेल्या सरावातून जे उमगले, ते समाजबंधुभगिनींपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू.

शोफार बहुधा मेंढ्याच्या शिंगाचा असतो. गाईबैलाचे शिंग चालत नाही. आतला हाडाचा गाभा काढून टोकाचा भरीव भाग कापतात व तेथे छिद्र पाडतात. त्याला धातूचे मुख नाही, की बोटांनी झाकावयाची भोकेही नाहीत. सारे काम ओठांचे. नवशिका गाल फुगवून जोराने फुंकतो आणि शिंगातून नुसता वारा निघतो. ओठ मिटून, त्यांचे कोपरे ताणून, शिंग तोंडाच्या उजव्या बाजूस टेकवावे व बारीक पण अखंड श्वास सोडावा. ओठ थरथरले की शिंग बोलू लागते. ते अधिक आवळले की सूर वर चढतो. प्रारंभी पाच मिनिटांतच ओठ बधिर होतात. तेव्हा थांबावे. अनेक सिनेगॉगांत सणाच्या दिवशी 100 नाद होतात. तेवढा दम एका दिवसात येत नाही.

तकीआ हा एक लांब, सरळ नाद. शेवारीम हे तीन तुटक सुस्कारे. तेरूआ म्हणजे बारीक हुंदक्यांची माळ. तोरेत सांगितलेला तेरूआ म्हणजे कण्हणे की स्फुंदणे, अशी शंका होती. म्हणून कैसरियाच्या रब्बी अब्बाहू यांनी दोन्ही प्रकार, आणि दोन्ही एकत्रही, फुंकण्याचा नियम घातला, असे तलमूद सांगतो. या रुदनासाठी तेथे दाखला दिला आहे तो सिसराच्या मातेचा. सिसरा आपला शत्रू. तरी त्याच्या आईचे अश्रू आपल्या पवित्र दिवसाच्या नादात मिसळले आहेत! हे ध्यानी आल्यापासून तेरूआ फुंकताना विजयाचा आवेश मनात येत नाही.

अध्यापनाच्या शिक्षणक्रमात आम्हांला भाषाशिक्षणाचा क्रम शिकविला होता: श्रवण, भाषण, वाचन, लेखन. शोफारचाही क्रम तोच. फुंकण्यापूर्वीची बेराखा फुंकण्याची नव्हे, तर शोफारचा आवाज ऐकण्याची आहे. खड्ड्यात शोफार फुंकला आणि केवळ प्रतिध्वनी कानी पडला, तर आज्ञा पाळली गेली असे होत नाही, असे मिश्ना म्हणते. मूळ नाद ज्याच्या कानांत मुरला आहे, त्याचेच ओठ पुढे तो शोधून काढतात.

म्हणूनच ही विनंती. शोफार फुंकावयास उद्या बाहेरून कोणी बोलावता येईल. परंतु आपल्या मुलांच्या कानांत आपल्या वडीलधाऱ्यांचा नाद राहावयाचा असेल, तर त्यांचा श्वास आहे तोवरच तो ऐकवावयास हवा. लहानांना शोफार फुंकण्यास मज्जाव करू नये, उलट ते शिकेपर्यंत त्यांच्याबरोबर खपावे, हेही मिश्नाचेच सांगणे. तेव्हा येत्या एलुलमध्ये मुलांना काकांजवळ आणून बसवा. पहिले काही दिवस त्यांनी नुसते ऐकावे. शिंग हाती मागूपची घाई ती स्वतःच करतील.