एकादशीच्या कढईतले पाहुणे

आषाढ शुद्ध द्वादशी

चि. राणीस,


काल फोनवर तू विचारलंस, "आत्या, ज्ञानेश्वर माउली एकादशीला साबुदाण्याची खिचडी खात असतील का गं?" मागे तुझ्या मैत्रिणींचा गलका चालला होता, म्हणून मी नुसतं "नाही" म्हटलं आणि फोन ठेवला. एवढ्या चांगल्या प्रश्नाची एका शब्दात बोळवण केली याची रात्रभर रुखरुख लागली. आज उपास सोडला, मागचं आवरलं आणि लिहायला बसले.

माउलींनी ज्ञानेश्वरी सांगितली 1290 साली, समाधी घेतली 1296 साली. कोलंबस अमेरिकेजवळच्या बेटांवर उतरला तो 1492 मध्ये आणि वास्को द गामा कालिकतला पोचला 1498 मध्ये. आता काल तुझ्या कढईत काय काय होतं ते आठव. साबुदाणा, बटाटा, शेंगदाण्याचं कूट, हिरवी मिरची. या चौघांचंही माहेर अमेरिका खंडात. पोर्तुगीजांच्या आणि त्यांच्यामागून आलेल्यांच्या गलबतांतून ती इकडे आली. तूप, जिरं आणि मीठ, एवढंच काय ते माउलींच्या ओळखीचं!

साबुदाण्याची तर कथाच वेगळी. 'साबू' हे नाव मलाया-इंडोनेशियाकडच्या सागू नावाच्या ताडासारख्या झाडाचं. तिथे त्या झाडाचं खोड फोडून आतला गर धुऊन सत्त्व काढतात, खरा सागू तो. आपण खातो तो कसाव्याच्या कंदापासून होतो. केरळात ज्याला कप्पा म्हणतात तोच हा कंद. 1880 ते 1885 या काळात त्रावणकोरच्या गादीवर असलेल्या विशाखम तिरुनाळ महाराजांनी लोकांची उपासमार टळावी म्हणून त्याची लागवड वाढवली. पुढे दुसऱ्या महायुद्धात बाहेरून येणारा सागू बंद पडला आणि तमिळनाडूत सेलमकडे याच कंदापासून दाणे करायचा धंदा उभा राहिला. कंद सोलून, धुऊन, किसून त्याचं दुधासारखं पाणी हौदात निवळू देतात. खाली बसलेलं सत्त्व ओलसर असतानाच कापडाच्या झोळीत घालून हलवत राहतात, की त्याचे गोल दाणे वळतात. मग ते तापल्या पत्र्यावर भाजून उन्हात वाळवतात. त्या भाजण्यात दाणा अर्धवट शिजलेला असतो, म्हणूनच तो भिजवल्यावर विरघळत नाही, टपोरा फुलतो. तुझी खिचडी गोळा झाली म्हणालीस ना? पुढच्या वेळी दोन-तीनदा धुऊन वरचं पीठ काढून टाक आणि पाणी दाण्यांच्या जेमतेम वर ठेव. कूटही हात राखून घालू नकोस. ते दाण्यांना लागून बसतं, त्यांना एकमेकांना चिकटू देत नाही.

बटाटा हे नाव आपण पोर्तुगीजांकडून घेतलं आणि त्यांच्यापर्यंत ते आलं कॅरिबियन बेटांवरच्या तायनो लोकांच्या बोलीतून. पण तायनो लोक बटाटा म्हणायचे ते रताळ्याला! म्हणजे नावावर खरा हक्क रताळ्याचा, आणि ते बिचारं आपल्याकडे वेगळ्याच नावाने नांदतंय. मिरचीला मात्र आपण घरचं नाव दिलं. मिऱ्यासारखी तिखट म्हणून मिरची. तिचा तिखटपणा बियांत नसतो, बिया ज्या पांढऱ्या शिरेला चिकटलेल्या असतात तिच्यात असतो. तो पाण्यात नीट विरघळत नाही, स्निग्धात विरघळतो. खिचडीबरोबर दही घेतल्यावर तोंडाची आग शमते ती यामुळे.

मला सगळ्यांत जास्त नवल वाटतं ते शेंगदाण्याचं. तुझ्या आजोबांच्या शेतात मी लहानपणी हे तासन्‌तास बघायची. भुईमुगाला पिवळं फूल येतं जमिनीच्या वर, उमलतं सकाळी आणि त्याच दिवशी मान टाकतं. मग त्याच्या बुडातून सुईसारखी आरी निघते आणि खाली वाकून मातीत शिरते. शेंग धरते ती मातीत, अंधारात. आऱ्या सुटायला लागल्या की बाबा रिकामं पिंप पिकावरून लोटत न्यायचे. पीक चिरडेल म्हणून मी रडले होते, तेव्हा त्यांनी मला खाली बसवून एक आरी बोटाने दाखवली, मातीत रुतू बघणारी. आणि हेही लक्षात घे, एकादशीला आपण तूर-मूग वर्ज्य करतो, पण शेंगदाणा त्यांच्याच कुळातला. भुईमूग या नावातच मूग आहे!

राजगिऱ्याच्या लाडवांची पुडी याच टपालाने पाठवतेय. राजगिराही तिकडचाच. मेक्सिकोतले अझ्टेक लोक त्याच्या पिठात मध घालून देवाच्या मूर्ती घडवत आणि पूजा झाल्यावर प्रसाद म्हणून वाटून खात. स्पॅनिश लोकांना ते खपलं नाही, त्यांनी ती पूजा मोडून काढली. पण दाणा टिकला. आजही मेक्सिकोत राजगिऱ्याच्या लाह्या मधात किंवा पाकात घालून वड्या थापतात. त्यांना म्हणतात 'अलेग्रिया', म्हणजे आनंद. समुद्रापलीकडे जो दाणा देवासाठी होता तोच इकडे उपासाला चालतो, हे कळलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता. दसऱ्याच्या तोरणातला झेंडूही तिथलाच. नोव्हेंबरच्या पहिल्या दोन दिवसांत तिथले लोक आपल्या पितरांची वाट त्याच फुलांनी सजवतात.

मग हे सगळं उपासाला चाललं कसं? मला वाटतं, जुन्या नियमांनी वर्ज्य केलं होतं धान्य. हे कंद आणि दाणे त्या नियमांच्या वेळी इथे नव्हतेच, त्यामुळे त्यांना कुणी मनाई केलेली नव्हती. कंदमुळं तर उपासाला चालतच होती. घरोघरच्या बायकांनी विचार करून या पाहुण्यांना पंगतीत बसवलं, असं मी मानते. हे शहाणपण कुठल्या पोथीत लिहिलेलं नाही, म्हणून तुला मुद्दाम सांगते. खिचडी फार प्राचीन आहे असं कुणी ठासून सांगितलं तर भांडू नकोस, पण खरं काय ते जरूर सांग.

आणि माउलींच्या काळी या मातीत काय होतं असं विचारलं, तर वरी, शिंगाडा, सुरण, केळी, दूध-ताक सांग. वद्य एकादशीला चौदा दिवस आहेत. त्या दिवशी मिरचीऐवजी मिरं घालून वरीचा भात करून बघ आणि कसा झाला ते मला कळव.

तुझी,
आत्या