चेशायरसाहेब, तुम्ही वाल्मीकी नव्हता

ग्रुप कॅप्टन लेनर्ड चेशायर यांस,


तुमची गोष्ट आमच्याकडे कोणी सांगितलीच, तर ठरलेल्या चालीवर सांगतात. ब्रिटिश हवाई दलातल्या शंभर मोहिमा, व्हिक्टोरिया क्रॉस, मग 9 ऑगस्ट 1945 ला नागासाकीवरचा अणुबॉम्ब विमानातून पाहिला, उपरती झाली आणि अपंगांच्या सेवेला लागले. वाल्याचा वाल्मीकी! पण तुम्ही त्या चालीत बसत नाही. त्या बॉम्बने युद्ध थांबलं, पुढचे जीव वाचले, असं तुम्ही अखेरपर्यंत म्हणत राहिलात. मला ते पटत नाही. पश्चात्तापाचं सोंग मात्र आणलं नाहीत, हे मानतो.

मला तुम्ही सापडता ते फ्रान्समधल्या लिमोजला. फेब्रुवारी 1944 ची रात्र. विमानांची इंजिनं बनवणारा कारखाना जर्मनांसाठी चाललेला, आणि रात्रपाळीला फ्रेंच कामगार, त्यांत बायाच पुष्कळ. 617 स्क्वाड्रनचे प्रमुख तुम्ही. लँकॅस्टर विमान छपरांना घासेल इतकं खाली आणून तीनदा वरून गेलात. काय ते समजून माणसं बाहेर पळाली. मग तुम्ही खुणेचे अग्निबॉम्ब नेमके टाकलेत आणि मागच्या विमानांनी कारखाना उडवला. तेव्हा नागासाकी दीड वर्ष लांब होतं!

1948 मध्ये तुमच्या ओळखीच्या, कॅन्सरने मरणपंथाला लागलेल्या माणसाला कुठे जागा मिळेना. हँपशरमधल्या आपल्या घरी आणून त्याची शुश्रूषा तुम्ही स्वतः केलीत. अपंगांसाठीच्या तुमच्या चेशायर होम्सची सुरुवात ती.

आणि 5 एप्रिल 1959 ला तुम्ही लग्न केलंत ते आमच्या मुंबईच्या कॅथेड्रलमध्ये, हे किती मुंबईकरांना ठाऊक असेल? वधू स्यू रायडरबाईही तुमच्याच पंथातल्या. छळछावण्यांतून वाचलेल्यांसाठी त्या झटत होत्या. सफोकमध्ये त्यांच्याच संस्थेच्या वास्तूत, मोजक्या खोल्यांत तुमचा संसार. एक मुलगा, एक मुलगी, आणि भिंतीपलीकडे आजारी माणसं. आईवडील दोघंही जगाच्या कामाला जुंपलेले असले की मुलांच्या वाट्याला किती येतात, हा प्रश्न मला सुटत नाही. तुमचे चरित्रगायक तो विचारतही नाहीत.

1992 मध्ये मोटर न्यूरॉनच्या आजाराने तुम्हीही परावलंबी होऊन गेलात. भारतातलं तुमचं पहिलं होम अंधेरीला महाकाली केव्हज रोडवर आहे. त्या रस्त्याने जाणाऱ्या वाचकांनी एकदा आत जाऊन, काय हवं-नको ते विचारावं.

आपला,
एक मुंबईकर