दुसरी पट्टी

परवा घरात दिवाळीची आवराआवर चालली होती. नातू जुन्या इस्त्रीचा थ्री-पिन प्लग उघडून बसला होता. एकदम त्याने विचारले, "आजोबा, ही हिरवी तार आतून सुटलेली आहे. तरी इस्त्री तापते. मग ही तार हवी कशाला?"

प्रश्न बिनतोड होता. पन्नासएक वर्षांपूर्वी मीही अगदी तोच विचारला होता. फरक इतकाच, की तेव्हा मी शाळकरी पोर नव्हतो. इंजिनिअर म्हणून पगार घेत होतो!

१९७४ सालची गोष्ट. ठाण्याच्या एका कारखान्यात मी विद्युत विभागात नुकताच लागलो होतो. काटकसर करा, असा वरून हुकूम होता, आणि नव्या माणसाला काटकसरीचा उत्साह फार. तिथे प्रत्येक मोटरच्या अंगाला दोन-दोन लोखंडी पट्ट्या जोडलेल्या असत. त्या जमिनीतल्या अर्थिंगपर्यंत जात. एकीने भागते, तिथे दुसरी कशाला? बॉयलरजवळच्या एका पंपाचा चौथरा दुरुस्तीला काढला, तेव्हा मी आमच्या मिस्त्रींना म्हणालो, "ही दुसरी पट्टी पुन्हा बसवू नका. उगाच अडगळ."

मिस्त्री माझ्या वडिलांच्या वयाचे. त्यांनी वाद घातला नाही. चष्मा पुसत एवढेच म्हणाले, "साहेब, तेवढं लिहून द्या."

लिहायला बसलो आणि अडलो. सहीच्या वर काहीतरी कारण हवे, म्हणून १९५६ चे भारतीय विद्युत नियम उघडले. एकसष्टाव्या नियमात स्वच्छ म्हटले होते, की मोटरचा सांगाडा दोन वेगवेगळ्या, स्वतंत्र जोडण्यांनी जमिनीशी जोडलेला असला पाहिजे. का, ते मात्र तिथे नव्हते. नियम करणाऱ्यांना मी मनातल्या मनात चार शब्द सुनावले. पण सही काही केली नाही. शहाणपणाने नव्हे, भीतीने! पट्टी परत बसली.

पुढच्या वर्षीचा जुलै. बाहेर मुसळधार पाऊस, आत ओली फरशी. मिस्त्रींच्या हाताखालचा अठरा-एकोणीस वर्षांचा पोरगा बेअरिंग तापले आहे का ते पाहायला चालत्या मोटरवर तळहात ठेवून उभा होता. नेमके त्याच क्षणी आतल्या वेढ्यांचे इन्सुलेशन गेले आणि उघडी तार सांगाड्याला टेकली. फट्‌कन फ्यूज उडाले, पंप थांबला. पोरगा हात झटकत म्हणाला, "जरा झिणझिण्या आल्या."

बस, एवढेच.

मग आम्ही फरशी उकरली. पहिली पट्टी वरून रंग दिलेली, ठाकठीक. पण जमिनीखाली दोन वितींवर ती गंजून पार तुटली होती. किती महिने तशी होती, देव जाणे. सारा प्रवाह गेला होता तो दुसऱ्या पट्टीने. मी अडगळ म्हटलेल्या!

त्या रात्री मला जेवण गेले नाही. पट्टी धड असली, तर बिघाड होताच तिच्यातून एवढा मोठा प्रवाह धावतो, की फ्यूज तत्काळ वितळते. पट्टीच नसेल, तर मोटर जिवंत होऊन हाताची वाट पाहत बसते. डालझील नावाच्या अमेरिकन प्राध्यापकाने बर्कले येथे स्वयंसेवकांवर मोजून पाहिले होते, की सरासरी १६ मिलिअँपिअरच्या वर पुरुषाची मूठ उघडत नाही. आपल्या जुन्या १०० वॅटच्या दिव्यातून याच्या पंचवीसपट प्रवाह वाहतो. कारखान्याच्या फ्यूजला माणसाचे मरण म्हणजे हत्तीच्या पाठीवरची माशी. तिला कळतसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी मिस्त्रींना विचारले, "तुम्हाला नियम ठाऊक होता?"

"नियमाचा नंबर नाही ठाऊक, साहेब. आधीच्या ठिकाणी आमचा एक जोडीदार गेला. तिथं एकच पट्टी होती."

नियमात न लिहिलेले कारण मला तेव्हा मिळाले.

पुढे मी मानकांच्या कामात रस घेऊ लागलो. भारतीय मानक संस्था १९४७ साली स्थापन झाली; तिच्या जागी १९८७ मध्ये भारतीय मानक ब्यूरो आला. अर्थिंगची संहिता, आय. एस. ३०४३, ही १९६६ ची. पुढे १९८७ आणि २०१८ मध्ये सुधारलेली. माल करणारे, वापरणारे, सरकारी अधिकारी, प्राध्यापक असे सारे एका टेबलाभोवती बसतात. मसुदा लोकांपुढे ठेवतात आणि सूचना मागवतात. एखाद्या कलमात 'असावे' लिहायचे की 'असले पाहिजे', यावर तासन्‌तास खल होतो. पूर्वी मला याचे हसू येई. आता येत नाही. 'पाहिजे' हा शब्द बहुधा कोणाच्या तरी जाण्यानंतर लिहिलेला असतो. १९५६ चे नियम जाऊन २०१० मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये नवे विनियम आले. मोटरच्या दोन जोडण्या मात्र कायम राहिल्या.

एवढे सगळे ऐकून नातू गप्प झाला. मग हळूच म्हणाला, "आणि त्या मुलाचं पुढे काय झालं?"

"तो? हेड वायरमन होऊन निवृत्त झाला. दर पाडव्याला न चुकता फोन करतो."

"त्याला सांगितलंत, की ती पट्टी तुम्ही काढणार होतात?"

मी काहीच बोललो नाही. नातवाने हिरवी तार स्क्रूखाली घातली, घट्ट आवळली आणि ओढून पाहिली.

यंदा पाडव्याला फोन आला, की सांगणार आहे.