उगारलेला हात

कर्जतच्या बाजारपेठेतील एका व्यापारी घरात तीन वर्षांचा नातू धाकट्या बहिणीला चावू लागला. वडिलांनी चापट मारली, चावणे वाढले. आजीने आठवडाभर केवळ निरीक्षण केले. हे घडे ते सायंकाळीच: दुकानात गर्दी, घरात सूर्यास्तापूर्वीच्या जेवणाची घाई, आईच्या मांडीवर तान्ही. या वयात राग असतो, शब्द नसतात. १९२० साली भावनगरात बालमंदिर स्थापणारे गिजुभाई बधेका शिक्षेचे कट्टर विरोधक होते. आजीही त्या वेळी नातवाला जवळ घेऊन म्हणे, “राग आला ना, बाळा? तोंडाने सांग.” हळूहळू चावणे थांबले. पाणी गाळून पिणाऱ्या घरात लेकरावर हात उगारला गेला, हे वडिलांना बोचले. संवत्सरीला त्यांनी सर्वांआधी त्यालाच हात जोडले: “मिच्छामि दुक्कडम्.”