शहराची चूल

नव्या शहरात गेले, की देवळे आणि राजवाडे पाहण्याआधी तिथली चूल कशावर पेटते हे विचारण्याची मला खोड आहे. आयर्लंडच्या दक्षिणेचे कॉर्क बंदर मी याच नजरेने पाहिले.

तिथल्या शँडन टेकडीवर १७७० पासून लोण्याचा बाजार भरे. खेड्यांतून खारवलेल्या लोण्याची पिंपे येत. पारखी त्यांची प्रत ठरवीत आणि ती जहाजांतून दूरदेशी जात. एकोणिसाव्या शतकात जगात एवढा मोठा लोणीबाजार दुसरा नव्हता. १९२४ साली तो उठला. तोवर फोर्डचा ट्रॅक्टर-कारखाना आला होता. हेन्री फोर्डचे वडील याच परगण्यातून, दुष्काळाच्या दिवसांत, अमेरिकेला गेलेले! पण १९८३ साली डनलॉपला आणि १९८४ साली फोर्ड व व्हेरोल्म गोदीला कुलपे लागली. आज तिथे औषधे बनतात, आणि १९८० साली आलेली अ‍ॅपल कंपनी हजारोंना पोसते.

शहर सावरले, असे पुस्तके म्हणतात. खरेच आहे ते. पण पन्नाशीत कुलूप पाहिलेल्या कामगाराचे काय? शहराला दुसरी चूल मांडता येते. त्याच्या घरची त्या रात्री विझलेलीच असते.

मला त्यातल्या त्यात भरवसा वाटतो तो गवताचा. लोण्यामागे गाय होती, गाईमागे पावसाने भिजलेली हिरवी कुरणे. बाजार उठला, कुरणे राहिली. म्हणूनच त्या परगण्यातले लोणी अजून परदेशी जाते. कारखाना मालकाच्या मर्जीने येतो नि जातो. कुरण कुणी उचलून न्यावे कसे?