तेल पाहावे बदलून

मारुतीला तेल शनिवारी घालावे, एवढे मराठी माणसाला मुंजीच्या आधीपासून ठाऊक असते. पोह्यांना शेंगदाण्याचे, डोक्याला खोबरेल, दिवाळीच्या पहाटे अंगाला सुवासिक आणि उरलेसुरले दाराच्या कुरकुरणाऱ्या बिजागरीला. तेलाच्या बाबतीत आपल्याला कोणी शिकवायला नको. पण ही विद्या दारात चार चाकांची मारुती येईपर्यंतच पुरते. तिला कोणते तेल घालावे, किती घालावे आणि कितव्या शनिवारी घालावे, यावर एकही स्तोत्र उपलब्ध नाही.

स्तोत्र नसले तरी पुरोहित भरपूर असतात. आमचे नाहूर हे भांडुप आणि मुलुंड यांच्या मधले स्टेशन. जलद गाड्या आमच्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत, त्यामुळे इथल्या माणसांना एकूणच दमाने जगायची सवय आहे. अशा वस्तीत रविवारी सकाळी सोसायटीच्या आवारात गाडीचे बॉनेट उघडणे म्हणजे जाहीर सभेची दवंडी पिटण्यासारखे आहे. दहा मिनिटांत इंजिनाभोवती पाच डोकी जमतात आणि त्यांची सहा मते होतात.

तिसऱ्या मजल्यावरच्या काकांकडे एके काळी फियाट होती. कुर्ल्याच्या कारखान्यातली, प्रीमियर पद्मिनी. त्या जातीच्या शेवटच्या काळ्या-पिवळ्या टॅक्स्यासुद्धा २०२३ च्या ऑक्टोबरात मुंबईच्या रस्त्यांवरून निवृत्त झाल्या, पण काकांची मते अजून सेवेत आहेत. "अहो, तेल कसं हवं? काकवीसारखं! बोटाला लागलं की सुटता कामा नये." बँकेतून निवृत्त झालेल्या शेजाऱ्यांचा सिद्धान्त निराळा : जे सगळ्यात महाग ते चांगले, आणि जे चांगले ते आपल्याला परवडत नाही, म्हणून मधले घ्यावे. लग्नापासून फ्लॅटपर्यंत त्यांनी सगळे याच तत्त्वावर केले आहे. पहिल्या मजल्यावरचा इंजिनिअर मुलगा मात्र नुसते आकडे बोलतो. "काका, फाइव्ह डब्ल्यू थर्टी. विषय संपला." विषय तिथूनच सुरू होतो, हे त्या वयात कळत नाही.

हे आकडे मटक्याचे नव्हेत, एवढे समजायला मला दोन रविवार लागले. ५डब्ल्यू-३० मधला डब्ल्यू म्हणजे 'विंटर', हिवाळा. आधीचा आकडा तेल थंडीत किती वाहते ते सांगतो. ५डब्ल्यू तेलाची परीक्षा उणे ३० अंशांना घेतात, ०डब्ल्यूची उणे ३५ ला. नाहूरचा हिवाळा जानेवारीत दोन रात्री येतो आणि त्याची एकमेव खूण म्हणजे वॉचमनची माकडटोपी. मग आम्हाला हा उणे तिसाचा थाट कशाला? काका तर म्हणालेच, "आपण काय काश्मीरला राहतो?"

पण खरी मेख इथेच आहे. रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीचे तेल खाली चेंबरात उतरून बसते. सकाळी किल्ली फिरवली, की ते वरपर्यंत पोचेपर्यंतचे काही क्षण इंजिनाला धोक्याचे. धातूवर धातू घासण्याची भीती तेव्हाच जास्त. काकवीसारखे तेल आळोखेपिळोखे देत उठते, पातळ तेल दूधवाल्यासारखे तडक वरच्या मजल्यावर जाते. पुढचा तीसचा आकडा गरम इंजिनातला, १०० अंशांना मोजलेला. एकदा तापले, की इंजिन नाहूरचे काय आणि नॉर्वेचे काय, आतून जवळपास सारखेच. जुन्या फियाटला २०डब्ल्यू-५० सारखे जाड तेल मानवत असे. आताच्या गाड्यांत दोन भागांमधली फट इतकी बारीक ठेवलेली असते, की काही नव्या गाड्यांना ०डब्ल्यू-१६ इतके पातळ तेल सांगतात. म्हणजे काका चूक नव्हते, फक्त त्यांची गाडी बदलली होती आणि त्यांना कोणी कळवले नव्हते.

डब्यावर आणखी दोन अक्षरे असतात, ती तेलाची इयत्ता. एसए ही बालवाडी. पुढे मधली काही अक्षरे गाळत गाळत २०१० साली एसएन आले, २०२० साली एसपी. वरच्या इयत्तेचे तेल खालच्या इयत्तेच्या पेट्रोल गाडीला सहसा चालते, उलटे चालत नाही. शाळेतही असेच असते.

या सगळ्या अभ्यासात मला एकच गोष्ट ओळखीची भेटली. १९०९ साली इंग्लंडात वेकफील्ड नावाच्या गृहस्थांच्या कंपनीने मोटारींसाठी एक तेल काढले. त्यात एरंडेलाचा अंश होता. एरंडेलाला इंग्रजीत कॅस्टर, म्हणून तेलाचे नाव कॅस्ट्रॉल. हे वाचल्यावर मला एकदम त्या इंजिनांबद्दल माया वाटू लागली. रविवारी सकाळी नाक दाबून एरंडेल पाजले जाणारे आम्हीच नव्हतो तर!

शेवटी आमच्या मिस्त्रींनी निकाल दिला. भांडुपच्या बाजूला लालबहादूर शास्त्री मार्गावर त्यांचा गाळा आहे. ते म्हणाले, "साहेब, गाडी काय पिते ते सोसायटीला कशाला विचारता? गाडीच्या पुस्तकात लिवलंय की." पुस्तक काढले. तेलाचा नंबर होता, इयत्ता होती आणि मुदतही होती : दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते. मी खूश झालो. आमची गाडी वर्षाला तीन हजार किलोमीटरसुद्धा चालत नाही.

"कुठं कुठं फिरवता?" मिस्त्रींनी विचारले.

आता हे सांगायला हवे. आमच्या आईला आठवड्यातून तीनदा डायलिसिसला न्यावे लागते. मुलुंडला, पाच रस्त्याच्या पलीकडे. अंतर जेमतेम तीन किलोमीटर. इतक्या जवळचे भाडे ऐकून रिक्षावाला मान फिरवतो, आणि पहाटे सहाची पाळी असली, की आईला कोपऱ्यावर उभे ठेवून त्याची मनधरणी करणे जमत नाही. गाडी पहिल्या किल्लीला सुरू झालीच पाहिजे. परतताना दहा वाजलेले असतात, आणि तेच तीन किलोमीटर अर्ध्या तासाचे होतात.

मिस्त्रींनी मान हलवली. "हेच तर वाईट. चाक फिरत नाही, पण इंजिन फिरतंय. मीटरला ते दिसत नाही." थोड्या अंतरात इंजिन नीट तापतच नाही, त्यामुळे तेलात मिसळलेला पाण्याचा आणि पेट्रोलचा अंश उडून जात नाही, तिथेच मुक्काम ठोकतो. त्या पुस्तकातच मागच्या पानावर बारीक अक्षरांत लिहिले होते : धूळ, खोळंबत चालणे, छोट्या फेऱ्या, अशा 'कठीण परिस्थितीत' तेल लवकर बदलावे. छापणाऱ्याने मुंबईकरांसाठी ते मोठ्या अक्षरांत पहिल्या पानावर घ्यायला हरकत नव्हती. तेव्हापासून आमच्या गाडीचे तेल सहा महिन्यांनी बदलते.

तो कार्यक्रम पाहण्यासारखा असतो. इंजिन आधी कोमट करायचे, म्हणजे तेल गाळासकट उतरते. खालचा बोल्ट सोडला, की काळी धार लागते. काळे दिसले म्हणजे तेल वाईट, असे मुळीच नाही. काजळी पोटात धरून ठेवणे हे त्याचे कामच आहे. तेलासोबत फिल्टर नवा, बोल्टचा वॉशर नवा. मग नवे तेल मापाने, पट्टीवरच्या दोन खुणांच्या मध्ये. प्रेमाने जास्त ओतले, तर आतला दांडा घुसळून त्याचे ताक करतो. रिकामा डबा मिस्त्री माझ्यादेखत चाकूने फाडतात, नाहीतर तो बनावट तेल भरून परत बाजारात उभा राहतो. जुने तेल पूर्वी कोकणात वाशांना वाळवीसाठी फासत. २०१६ च्या नियमांप्रमाणे ते घातक कचऱ्यात धरतात, म्हणून मिस्त्री ते पिंपात साठवून, परवाना असलेल्या माणसाकडे शुद्ध करायला पाठवतात. गटारात एक थेंब सोडत नाहीत.

परवा असेच तेल बदलून गाडी आणली आणि आईला न्यायला गेलो. ती मागे बसली, तिने इंजिनाचा आवाज ऐकला. या बाबतीत तिचा कान काकांपेक्षा तयार आहे.

"तेल बदललंस वाटतं?"

"हो. फिल्टरपण."

थोडा वेळ ती खिडकीबाहेर बघत राहिली. मग म्हणाली, "बाई मजेत आहे हो तुझी! तिचं वर्षातून दोनदा, माझं आठवड्यातून तीनदा. आणि तिला दर वेळी कोरं करकरीत घालतात. मला मात्र माझंच धुऊन परत!"

मी काही बोललो नाही. सिग्नल हिरवा झाला होता, पण पुढचा कोणी हलत नव्हता. इंजिन मात्र अगदी मऊ आवाजात चालू होते.

"पण त्या मिस्त्रीला विचारून ठेव," आई म्हणाली, "माझ्या वर्षाच्या गाडीला कितीचं तेल लागतं ते."