ताटाशेजारी कोण बसणार?

मूल जेवत नसेल तर बोट आधी घराकडे. १८७४मध्ये जेवण नाकारण्याच्या आजारासाठी ‘अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होसा’ हे नाव रूढ करणाऱ्या डॉक्टर विल्यम गल यांनाही नातेवाईक शुश्रूषेला नालायक वाटत. लंडनच्या मॉडस्ली रुग्णालयानं १९८०च्या दशकात उलट वाट धरली. दोष उकरायचा नाही; काय, किती वाढायचं ते आईवडिलांनी ठरवायचं, संपेपर्यंत शेजारी बसायचं. वजन सावरलं की ताबा हळूहळू मुलाकडे.

आज या पद्धतीविषयी वाचताना आमच्या घरातल्या पंगती आठवल्या. ‘किती वाळलीस!’, ‘अंग सुटलंय गं!’ ही वाक्यं आम्ही आमटीइतक्या सहज वाढतो. वजनावर बोलायचं नाही, एवढं आत्या-मावश्यांनाही जमेल. ताट ढकलणाऱ्या मुलीशी न भांडता तिच्या आजाराशी भांडायचं, हे मात्र रोज नव्यानं शिकावं लागेल.